पाण्यापलीकडचा शेजार

“एक यायचंय अजून,” उतेकर गुरुजी म्हणाले.

“कुठून?”

गुरुजींनी शाळेच्या पडवीतून समोर हात केला. समोर धरणाचं पाणी होतं, दोन डोंगरांच्या मध्ये भरून राहिलेलं, आणि त्याच्यावरचं सकाळचं धुकं अजून हललं नव्हतं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. दिसत होता तो नुसता डोंगराचा माथा, खाली कशालाच न टेकलेला.

“तिथून. झोऱ्यांच्या वस्तीवरून. बनू झोरे म्हणून मुलगी आहे. पण ती यायची नाही, ताई. तुम्ही आपली बाकीची मशिनं घेऊन जा.”

मी मान हलवली आणि बरोबर आणलेल्या दोन मोठ्या पिशव्या पडवीत ठेवल्या.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेत होते. आडगावच्या शाळांमधल्या मुलांना ही संस्था स्वस्तातले छोटे लॅपटॉप द्यायची. पाठ निळी, कळा रबरी, धरायला डब्याच्या कडीसारखी मूठ. पावसात भिजले, हातातून पडले तरी चालू राहायचे. त्यांच्यातला प्रोग्रामही कुणा एका कंपनीचा नव्हता. जगभरच्या माणसांनी आपापल्या घरी बसून तो लिहिला होता आणि सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. त्या माणसांत मीही होते. एक लहानसा तुकडा माझा होता. इंटरनेट नसलेल्या जागी एका मशीनचा निरोप दुसऱ्यानं उचलायचा, दुसऱ्याचा तिसऱ्यानं, आणि असं करत तो पुढे न्यायचा, एवढंच त्या तुकड्याचं काम. ऑफिसात टेबलांवर मशिनं मांडून मी ते तपासलं होतं. या टेबलावरून त्या टेबलावर ‘हॅलो’ जायचा. त्यापुढे तो कुठे गेलेला मी पाहिला नव्हता.

आणि आता प्रकल्पच संपला होता. मशिनं गोळा करायची, त्यांच्यातलं सगळं पुसून कोरी करायची, दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेकडे पाठवायची, असं ठरलं होतं. बाकीच्यांना दुसरी कामं होती म्हणून सावरीघरला मी आले. सकाळच्या लाँचनं यायचं, दुसऱ्या दिवशीच्या लाँचनं परतायचं.

मुलं एकेक करून आली. कुणी फडक्यात गुंडाळून आणलं होतं, कुणी उराशी धरून. एका मुलीनं मुठीला लाल दोरा बांधला होता. तो सोडवताना तिला गाठ सुटेना, तेव्हा मी म्हटलं, राहू दे. मला वाटलं होतं मुलं रडतील, निदान विचारतील. ती नुसती मशीन पुढे करत होती आणि भिंतीला जाऊन टेकत होती.

शेवटी राहिली एक उंच, काटक मुलगी. तिच्या हातात मशीन होतं, पण ती पुढे होईना.

“यमू, दे बाळा,” गुरुजी म्हणाले.

“मी उद्या देते.”

“उद्या का?” मी विचारलं.

“काम हाय.”

“कसलं काम?”

तिनं मुलांकडे पाहिलं. भिंतीला टेकलेली सगळी मुलं एकदम पायांकडे बघायला लागली.

“बनूचं हाय,” ती म्हणाली आणि मशीन छातीशी धरून पडवीच्या खाली उतरली.

दुपारी जेवायला गुरुजींच्या खोलीवर गेलो. नाचणीची भाकरी आणि पावट्याची उसळ होती. खाताना त्यांनी बनूची गोष्ट सांगितली. तिची आई, धोंडाबाई, रोज तिला होडीतून शाळेत आणायची आणि शाळा सुटायच्या वेळी न्यायला यायची. होडी तीच वल्हवायची. दिवाळीच्या आधी गवत कापताना तिला पान लागलं. त्या भागात साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. दवाखान्यापर्यंत न्यायला पाणी ओलांडायचं होतं. ते ओलांडून होईपर्यंत ती राहिली नाही.

“त्या दिवसापासून पोरगी बोलत नाही,” गुरुजी म्हणाले. “आणायलाही कुणी नाही. बाप म्हशी घेऊन दिवस उगवायच्या आधी रानात जातो. मी दोनदा गेलो. लांबून होडी दिसली की रानात पळते. सरपंचबाई गेल्या, तर झाडावर चढून बसली. बाप म्हणतो, राहू द्या गुरुजी, यायची तेव्हा येईल.”

“आणि मशीन?”

“तिच्याकडंच आहे. मी मागितलं नाही.” भाकरीचा तुकडा त्यांनी तसाच हातात धरून ठेवला होता. “संध्याकाळी काठावरच्या खडकावर घेऊन बसते. इथून उजेड दिसतो.”

वस्तीवर वीज नव्हती, पण मशिनाबरोबर दिलेला सौर पत्रा होता. म्हणजे ती रोज तो उन्हात मांडत होती, मशीन भरत होती आणि संध्याकाळी एकटी उघडून बसत होती. मला तिच्या पडद्यावर काय दिसत असेल ते माहीत होतं. त्या मशिनात ‘शेजार’ नावाचं एक पान असायचं. जवळपास जितकी मशिनं चालू असतील तितक्या छोट्या रंगीत बाहुल्या त्या पानावर दिसायच्या, प्रत्येक मुलाची वेगळ्या रंगाची. शाळेत ते पान जत्रेसारखं भरून जायचं. तिच्या खडकावर मात्र पांढऱ्या पानाच्या मधोमध एकच बाहुली असणार, तिची तिची.

यमू मला शाळेच्या मागे सापडली. जांभळाखाली दोन मुलींबरोबर बसली होती. मी शेजारी बसले तशी तिनं मशीन मांडीआड घेतलं.

“मी ओढून नाही घेणार,” मी म्हटलं. “काम काय आहे ते तरी सांग.”

“तुमी पुसणार ना सगळं?”

“हो. तसं सांगितलंय मला.”

“मंग आजच्या आज पाटवाय पायजे.”

“काय पाठवायचंय?”

तिनं तोंड घट्ट मिटलं. शेजारची सुली म्हणाली, “ते बनूचं हाय. दुसऱ्या कुनी आयकायचं न्हाई.”

मग हळूहळू कळलं. मुलांनी हे आधी करून पाहिलं होतं. शाळेपासून डोंगराची एक लांब सोंड पाण्यात उतरते. तिच्यावर मुलं अंतरा-अंतरानं मशिनं घेऊन उभी राहिली होती, एकाचं दुसऱ्याला लागेल अशी. सोंडेच्या टोकापर्यंत निरोप गेला, पण पुढं पाणी. आणि तेवढ्यात मधल्या मशिनांना झोप लागली. कुणी कळ दाबली नाही की थोड्या वेळानं ती आपली आपण निजायची. चार्जिंग वाचावं म्हणून तशी केलेली होती.

ऑफिसातल्या टेबलांची ओळ डोळ्यांपुढे आली, आणि मग ही ओळ, वाऱ्यात उभ्या असलेल्या पोरांची.

“होडीतून तिच्याकडंच का नाही जात?” मी विचारलं. “तुम्ही तर तिच्या मैत्रिणी.”

“मानूस दिसलं की पळती,” यमू म्हणाली. “बाहुली दिसली की न्हाई पळायची.”

मी हात पुढे केला. मग मशीन माझ्या हातात न देता तिनं ते आमच्या दोघींच्या मध्ये, जमिनीवर ठेवलं. मी तिला कोपऱ्यातली एक कळ दाबायला सांगितली. पडदा बदलला आणि त्यावर ओळीच ओळी आल्या, इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

“हे काय?”

“मशीन आतून असं असतं. हे बघ, ही ओळ. किती वेळ वाट पाहायची आणि मग झोपायचं, ते इथं लिहिलंय.”

“हे आपल्याला खोडता येतं?”

“येतं.”

“कुनी रागवत न्हाई?”

“नाही. ते तसंच केलंय मुद्दाम. कुणीही उघडावं, वाचावं, बदलावं.”

“मंग हे हाय कुनाचं?”

“ज्यांनी लिहिलं त्यांचं. आणि आता तू बदललंस की थोडं तुझं.”

तिनं बोटानं तो आकडा खोडला आणि तिथं तिला माहीत असलेला सगळ्यात मोठा आकडा लिहिला. शून्यं टाकता टाकता ओळ संपली. मग तिघी उठल्या, पडवीत गेल्या आणि माझ्या पिशव्यांतून एकेक मशीन बाहेर काढून त्यातला आकडा बदलायला लागल्या. गुरुजी दारात आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतलं पुढचं मशीन काढून यमूच्या हातात दिलं.

पाण्याचं मात्र उरलंच होतं. त्यासाठी भिवाआबा सपकाळांची होडी लागली. आबा गावातलेच, जाळी टाकणारे. संध्याकाळी ते पाण्यावर असतातच, त्यामुळे त्यांना बघून बनू पळत नसे. त्यांच्या होडीत कुणीतरी एक मशीन उघडून मधोमध बसायचं.

“मी बसते,” मी म्हटलं. मुलांना एकटं पाण्यावर पाठवायचं नव्हतं, हे कारण खरं होतं. पण मला स्वतःलाच तिथं बसायचं होतं, हेही खरं.

ऊन कलल्यावर मुलं सोंडेवर चढली. होडीतून ती मला दिसत होती, डोंगराच्या कण्यावर एकामागं एक, निळी पाठ पोटाशी धरलेली. वर शाळेजवळ यमू होती. जसजसे आम्ही लांब गेलो तसतशी मुलं बारीक होत गेली, मग गवतासारखी दिसायला लागली, मग डोंगरच झाली. वारा पडला होता. पाणी इतकं निवांत होतं की वल्ह्यातून पडणाऱ्या थेंबांची वर्तुळं मागं लांबपर्यंत तशीच राहत होती.

“खाली आमचं शेत हाय,” आबा म्हणाले. “हितं, बरोब्बर ह्याच्या खाली. खळं हुतं. मी ल्हान आसताना मळणी व्हायची हितं.”

मी कडेवरून वाकून पाहिलं. खाली हिरवं, मग काळं. आभाळाचा गुलाबी रंग पाण्यावर आला होता, आणि कुठं आभाळ संपलं, कुठं पाणी लागलं, ते सांगता आलं नसतं. होडी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी टांगल्यासारखी होती.

मांडीवरच्या पडद्यावर ‘शेजार’चं पान उघडं होतं. मागच्या बाजूची पोरं हळूहळू गोळा झाली: हिरवी बाहुली, निळी, जांभळी, खाली नावं. पुढची बाजू कोरी होती. पलीकडच्या काठावर, खडकावर, एक लहानसा उजेड लागला. आबांनी वल्हं थांबवलं. होडी आपल्या आपण थोडी सरकली, आणि पानाच्या कोपऱ्यात, काही आवाज न होता, पिवळी बाहुली उमटली. लाल काठाची. खाली लिहिलेलं होतं: बनू.

पलीकडचा उजेड हलला. तिनं मशीन उचलून जवळ घेतलं असावं. दिवाळीच्या आधीपासून तिच्या पानावर कुणी आलं नव्हतं, आणि आता एकामागं एक सगळी येत होती. हिरवी आली, निळी आली, जांभळी आली. आणि सगळ्यांच्या मागून यमूची, केशरी.

निरोप माझ्याच मशिनातून जायचा होता, पण मला तो दिसणार नव्हता. तो तुकडा मी तसाच लिहिला होता. मधल्यानं नुसतं पुढे द्यायचं, उघडून बघायचं नाही. पडद्यावर एक बारीक रेघ इकडून तिकडे सरकत होती. ती सरकायला खूप वेळ लागला. मग ती संपली.

काही झालं नाही. बगळ्यांची एक रांग डोक्यावरून गेली.

आणि मग पलीकडून, पाण्यावरून, एका बाईचा आवाज आला. मशिनाच्या एवढ्याशा भोकातून निघालेला, बारीक, थोडा खरखरीत, पण शांत पाण्यावर स्पष्ट.

“बनूऽऽ, ए बनूऽऽ! चल गंऽऽ, व्हडी लागलीऽऽ!”

आबांच्या हातातलं वल्हं सुटून होडीच्या कडेवर आपटलं.

“धोंडाबाई,” ते म्हणाले.

नंतर यमूनं मला सगळं सांगितलं. पावसाळ्यात गुरुजींनी मुलांना गावातले आवाज गोळा करायला सांगितले होते. कुणी कोंबडा घेतला, कुणी पिठाची गिरणी, कुणी पन्हाळीचं पाणी. यमूनं शाळा सुटायच्या वेळी खालून येणारी ही हाक घेतली होती. रोज तीच हाक, त्याच जागेवरून. मग धोंडाबाई गेली, आणि यमूला वाटलं, जी वस्तू बनूची आहे ती आपल्याकडे कशी राहील.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी मला एवढंच कळलं, की खडकावरचा उजेड जागच्या जागी आहे आणि त्याच्या पुढून काहीतरी काळं सरकलं.

“आले,” एक लहान आवाज म्हणाला. “आले, आले.”

आणि पाणी चुबुक वाजलं.

“आबा,” मी म्हटलं, “ती पाण्यात उतरली.”

आबांनी वल्हं उचललं होतं. ती हाक न्यायला येणाऱ्या आईची होती. होडी लागली म्हटल्यावर पोरगी होडीकडेच येणार, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी उभी राहायला लागले.

“बसा. वरडू नका,” आबा हळू म्हणाले. “दचकंल. हितं एकदम खोल हाय.”

त्यांनी होडी अशी नेली की पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मला तो वेळ आठवतो तो झोपेतल्यासारखा. सगळं गुलाबी, सगळं संथ, आणि त्याच्या मधोमध एक डोकं आमच्याकडे येतंय. पाणी तिच्या छातीला लागलं, मग खांद्याला. ती घाबरलेली नव्हती. तिच्या तोंडावर इतका विश्वास होता की मला त्याच्याकडे बघवेना. तिचा पाय पुढं पडला आणि खाली जमीन नव्हती. ती गेली. लगेच वर आली. आबांनी वल्हं आडवं तिच्यासमोर धरलं.

“धर, बनू. ये. व्हडीत ये.”

तिनं वल्हं धरलं. मी दोन्ही हातांनी तिला काखेत धरून वर घेतली. आम्ही दोघी होडीच्या तळाशी पडलो. ती उठून बसली. निथळत होती. तिनं आधी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मागं, होडीच्या दुसऱ्या टोकाला, जिथं वल्हवणारी बसत असेल.

“आई कुठाय?”

तीन महिन्यांहून जास्त दिवसांनी ती कुणा माणसाशी बोलली, ते हे शब्द. आबांनी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि तिच्या खांद्यांवर घातलं.

“न्हाई, बाळा,” ते म्हणाले. “आवाज हुता निस्ता. पोरांनी जपून ठेवल्याला.”

ती ऐकत होती. तिच्या तोंडावरचं ते सगळं एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं, काठावरून पाणी उतरतं तसं. मग तिनं आबांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि रडायला लागली, मोठ्यानं, तोंड उघडून. आबांनी एका हातानं तिचं डोकं धरलं आणि एका हातानं होडी वळवली.

सोंडेवरून मुलं धावत खाली आली होती. मशिनं गवतात तशीच टाकून. आम्ही काठाला लागलो तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी होती, पण जवळ यायला कुणी धजेना. गुरुजींनी बनूला उचलून घेतलं. ती मोठी होती उचलायला, तरी घेतलं.

यमू सगळ्यात मागे होती. रडून तिचं तोंड सुजलं होतं. बनू गुरुजींच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत राहिली.

“तुज्या मशिनात हुतं?” बनू म्हणाली.

यमूनं मान हलवली.

“अजून हाय?”

“हाय.”

“परत नगं लावू.”

“न्हाई लावत.”

“पर पुसू बी नगं.”

यमूनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्याच मुलांनी पाहिलं. मी होडीतून मशीन उचलत होते. ते माझ्या हातात अजून जागं होतं. यमूनं टाकलेली ती शून्यं.

“नाही पुसणार कुणी,” मी म्हटलं.

त्या रात्री बनू यमूच्या घरी झोपली. आबा वस्तीवर सांगून आले आणि येताना खडकावरचं तिचं मशीन घेऊन आले.

सकाळी तिचा बाप आला. बायाजी झोरे, उंच, वाळलेला माणूस, खांद्यावर घोंगडी. होडी वल्हवत आला होता, आणि ते त्याला नीट येत नव्हतं, कारण काठाला आधी होडीचं नाक आपटलं, मग ती आडवी झाली. मला वाटलं तो चिडेल. त्याला चिडायचा हक्क होता. तो पडवीच्या पायरीवर बसला.

“ते काय हाय ते आयकवा,” तो म्हणाला.

बनूनं कान झाकले आणि शाळेच्या मागे गेली. ती लांब गेल्याचं बघून यमूनं मशीन त्याच्या शेजारी ठेवलं आणि आवाज अगदी बारीक केला. त्यानं खाली वाकून कान लावला. हाक संपली. तो तसाच वाकून राहिला.

“आनी एकदा.”

पुन्हा ऐकलं. मग सरळ होऊन त्यानं घोंगडी मांडीवर ओढली आणि पाण्याकडे बघत बसला. धुकं त्या दिवशी लवकर उठत होतं.

“माजी आई बी अशीच वरडायची,” तो म्हणाला. “म्हशींला आनी आमाला, एकाच आवाजात.” मग गुरुजींकडे न बघता म्हणाला, “मला वाटलं, पोरगी हितं आली तर तिला समदं आठवंल. म्हून न्हाई धाडली.”

“तिथं बसून विसरली का?” गुरुजींनी विचारलं. रागानं नाही.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. “आज राहू द्या तिला साळंत. सांच्याला न्यायला येतो.”

लाँच आली, भोंगा झाला. पिशव्या पडवीत रिकाम्या पडल्या होत्या. मी लाँचवाल्याला हातानंच नाही म्हणून सांगितलं. नंतर पुण्याला जाऊन मी साहेबांना सांगितलं, की सावरीघरची मशिनं वापरात आहेत, ती आणता येणार नाहीत. त्यांना वाटलं नादुरुस्त म्हणतेय. मी म्हटलं, नाही, वापरात. त्यांनी दुसरा विषय काढला. पुन्हा कुणी विचारलं नाही. ती मशिनं तिथंच राहिली, एकेक करून थकेपर्यंत. यमूचं थकलं तेव्हा गुरुजींनी फोन केला आणि मी जाऊन त्यातली हाक काढून तीन-चार ठिकाणी ठेवली. त्यांतली एक माझ्याकडे आहे. मी ती कधी लावलेली नाही.

त्या दिवशी मात्र मी नुसती शाळेत बसून होते. बनू खिडकीजवळ बसली होती, यमूच्या शेजारी. फार बोलली नाही. गुरुजींनी पाढा विचारला तर मध्येच अडली आणि सुलीनं मागून सांगितला. दुपारी तिनं भात खाल्ला. ऊन खिडकीतून तिच्या पाटीवर आलं, मग भिंतीवर गेलं, मग बाहेर.

शाळा सुटायच्या सुमाराला खाली होडी दिसली. बायाजी तीत उभा होता. सगळ्या मुलांचं लिहिणं थांबलं. गुरुजींचंही फळ्यावरचं थांबलं. तो हाक मारील म्हणून आम्ही वाट बघत होतो, आणि तो नुसताच उभा. त्यानं घसा साफ केल्याचं वरपर्यंत ऐकू आलं. आयुष्यभर त्यानं फक्त म्हशींना हाका मारल्या होत्या, आणि शेवटी तोंडातून निघाली ती तसलीच एक, लांब, सुराबाहेरची, जिच्यात नाव कुठं आहे ते शोधावं लागत होतं.

एका मुलाला हसू आलं. मग सुलीला आलं. मग बनूच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

ती लगेच उठली नाही. तिनं पाटी पुसली, पेन्सिल खोवली, मशीनची मूठ धरली. दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर थांबून खाली बघत राहिली. आम्ही कुणी हललो नाही.

“आले,” ती म्हणाली आणि उताराला लागली.